कुत्र्याला मशीन नको, कंगवा हवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रंगपंचमीला इंदूरची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, राजवाड्यावरून पुढे सरकते आणि दुसऱ्या दिवसापासून शहरातल्या ग्रूमिंग पार्लरांत गर्दी सुरू होते. कोणाचा लॅब्राडोर गुलाबी झालेला असतो, कोणाचा स्पिट्झ हिरवा. त्यात उन्हाचा चटका वाढू लागलेला. दोन्हींवर बहुतेकांच्या तोंडी एकच उपाय असतो: "सगळे काढून टाका, झिरो मारा. रंगही जाईल आणि उन्हाळाही सोसवेल." यातला पहिला भाग खरा आहे, केसांबरोबर रंग जातो. दुसरा मात्र साफ चुकीचा आहे, आणि त्याची किंमत कुत्रा पुढचे वर्षभर मोजतो. एप्रिल-मेमध्ये हे मुंडण सर्रास चालते, म्हणून उन्हाळा तापायच्या आधीच हे पत्र लिहीत आहोत.

कुत्रा आपल्यासारखा अंगभर घाम गाळून थंड होत नाही. पंजांच्या गाद्यांना थोडा घाम येतो. बाकी उष्णता तो धापा टाकून, जिभेवरच्या आणि नाकातल्या ओलाव्याची वाफ करून बाहेर घालवतो. त्यामुळे "केस काढले की हवा लागेल, घाम सुकेल" हा आपल्या अंगावरून बांधलेला अंदाज त्याला लागू पडत नाही. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, हस्की, आणि आपल्याकडे सगळे ज्याला पॉमेरियन म्हणतात तो पांढरा स्पिट्झ, या सगळ्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वर लांब, राठ केस आणि त्याखाली कातडीला लागून मऊ, दाट लोकर. वरचा थर ऊन आणि पाणी अडवतो. खालचा थर थंडीत ऊब धरतो. दिवस मोठे होऊ लागले की, म्हणजे साधारण फेब्रुवारीपासून, खालची लोकर सुटू लागते. ही सुटलेली, मेलेली लोकर अंगातच अडकून राहिली तर कुत्र्याला उकडते. ती विंचरून काढली तर वरच्या केसांमधून हवा थेट कातडीपर्यंत पोचते आणि ऊन मात्र वरच अडते. म्हणजे घराला छप्पर असावे आणि खिडक्याही उघड्या असाव्यात, तसे. मशीन फिरवले की छप्परच जाते.

केस काढल्यानंतर काय होते तेही सांगायला हवे, कारण पार्लरमधून निघताना कुत्रा हलका, गुळगुळीत दिसतो आणि मालक खूश असतो. केसाखालची कातडी, विशेषतः पोट, कुशी आणि नाकाचा माथा इथली, बहुधा गोरी-गुलाबी असते. तिने ऊन कधी पाहिलेले नसते. आपल्या कातडीच्या मानाने कुत्र्याच्या कातडीचा वरचा थर बराच पातळ असतो. मे महिन्यात इंदूरचा पारा 42-43 अंशांवर जातो, त्या उन्हात अशी कातडी लाल होते, खाजते, मग कुत्रा चाटतो आणि तिथे जखम होते. पुढचा त्रास जास्त चिवट आहे. खालची लोकर भराभर वाढते, वरचे राठ केस मागे पडतात. नवे केस कापसासारखे मऊ लागतात, पाणी शोषतात, लवकर जटतात, त्यांत गोखरू आणि कुसळे रुतून बसतात. स्पिट्झ आणि हस्कीसारख्या दाट लोकरीच्या कुत्र्यांत केसांची बहुतेक मुळे बराच काळ विश्रांतीच्या अवस्थेत असतात. त्या अवस्थेत मशीन फिरले, तर मुळांचे पुढचे चक्र सुरू होईपर्यंत केस येतच नाहीत. सहा महिने, वर्ष, कधी त्याहूनही जास्त. कमरेवर आणि शेपटीच्या मुळाशी उघडे चट्टे राहतात, लोक त्याला खरूज समजून नाही नाही ती मलमे लावतात. (इंदूरच्या हवेत हस्की पाळूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण घरात आलाच असेल तर निदान त्याचे छप्पर काढू नका.)

कात्री-मशीन कोणालाच नको, असे मात्र नाही. शिह त्झू, ल्हासा आप्सो, पूडल, माल्टीज यांचे केस आपल्या डोक्यासारखे वाढतच राहतात, झडतात कमी. त्यांना दर चार ते सहा आठवड्यांनी कटिंग लागतेच. तिथेही झिरो नको. साधारण एक ते दीड सेंटीमीटर केस ठेवावेत, म्हणजे कातडी उघडी पडत नाही आणि विंचरणे सोपे होते. दुहेरी केसांच्या कुत्र्यांचे पंजांच्या गाद्यांमधले, गुदद्वाराभोवतीचे आणि पोटाखालचे केस छोटे करायला हरकत नाही. पोटाखालचे केस कमी असले की कुत्रा कोटा फरशीवर पाय पसरून पालथा पडतो आणि फरशीचा थंडावा त्याच्या पोटाला सरळ मिळतो. उन्हाळ्यासाठी मशीनचा एवढा उपयोग पुरेसा आहे.

आता कंगव्याविषयी. बहुतेक घरांत ब्रश असतो, रोज फिरवलाही जातो, तरी कुत्र्याच्या अंगात जटा असतात. कारण ब्रश वरवर फिरतो, केसांच्या टोकांना लागतो, कातडीपर्यंत पोचत नाही. कुत्र्याला कुशीवर आडवे करावे. डाव्या हाताने केसांचा पडदा वर उचलून धरावा, म्हणजे खाली कातडीची एक रेघ दिसते. त्या रेघेपासून थोडे थोडे केस खाली सोडत स्लिकर ब्रशने, म्हणजे वाकड्या बारीक तारांच्या ब्रशने, मुळापासून टोकाकडे विंचरावे. मग एक बोट वर सरकून पुढची रेघ. पायापासून सुरुवात करून पाठीकडे जावे. मनगट सैल हवे. जोर लावला तर तारा कातडी ओरबाडतात, तासाभराने तिथे लाली दिसते. किती जोर द्यायचा हे आधी आपल्या कोपराच्या आतल्या बाजूला ब्रश फिरवून पाहावे. ब्रश झाला की स्टीलचा कंगवा घ्यावा, एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ दातांचा. कातडीला टेकवून टोकापर्यंत ओढल्यावर तो कुठेही अडकला नाही तर ती जागा झाली. अडकला तर झालेली नाही, ब्रश कितीही वेळ फिरवला असला तरी. आमच्या मते घरात एकच वस्तू घ्यायची असेल तर हा कंगवा घ्यावा.

लोकर सुटण्याच्या या दोन महिन्यांत स्पिट्झला रोज पंधरा-वीस मिनिटे लागतात. लॅब्राडोरसाठी रबरी दातांचा ब्रश आणि दहा मिनिटे पुरतात. एरवी आठवड्यातून दोन-तीनदा चालते. देशी कुत्र्याला रबरी हातमोजा आठवड्यातून एकदा फिरवला तरी अंग लखलखते. बाजारात लोकर खेचणारी बारीक दात्यांची पातीही मिळते. ती एका जागी चार-पाच ओढींहून जास्त चालवू नये, नाहीतर लोकरीबरोबर वरचे राठ केसही तुटतात आणि तिथे फिकट पट्टा पडतो.

जट कशी सोडवायची हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण "फार जटा झाल्या होत्या, म्हणून झिरो मारला" हे कारण सगळ्यांत जास्त ऐकू येते. जटा ठराविक जागी होतात. कानामागे, काखेत, जांघेत, मांडीमागच्या झुपक्यात आणि पट्ट्याखाली. कानामागची जट घेऊ. ती बोराएवढी असते, चिमटीत धरली की कातडी तिच्याबरोबर वर ओढली जाते. कातडी कुठे संपते आणि केस कुठे सुरू होतात हे डोळ्यांना दिसत नाही. इथेच कात्रीने कातडी कापली जाते, आणि कानाची कड तर कागदासारखी पातळ. म्हणून कात्री आधी बाजूला ठेवावी. जटेवर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर टाकून बोटांनी चोळावे, केस एकमेकांवरून सरकू लागतात. मग जट कातडीपाशी दोन बोटांत घट्ट धरावी, म्हणजे ओढ बोटांवर येते, कुत्र्याला लागत नाही. दुसऱ्या हाताने तिचे दोन भाग करावेत, मग चार, बाहेरच्या टोकाकडून आत येत. शेवटी कंगव्याचे टोकाचे दोन दात वापरून उरलेले केस सुटे करावेत. एका जटेला पाच मिनिटे लागू शकतात. तीन जटा झाल्या की थांबावे, बाकीच्या उद्या. अगदी दगड झालेली जट कापावीच लागली तर आधी तिच्या आणि कातडीच्या मधून कंगवा सरकवावा आणि कंगव्याच्या वरून कापावे. अंगभर एकसंध नमदा, म्हणजे केसांचा घट्ट चिकटलेला थर, झाला असेल तेव्हाच मशीनला पर्याय नसतो. ते काम अनुभवी ग्रूमरने किंवा पशुवैद्याने करावे आणि तेवढ्याच जागेपुरते.

आणि जट असताना अंघोळ घालू नये. पाण्याने जट आवळते, वाळल्यावर तिचा नमदा होतो. आधी विंचरणे, मग पाणी, हा क्रम मोडू नये.

रंगाचेही तसेच. कोरडा गुलाल अंगावर असताना नळ सोडला की रंग विरघळून कातडीपर्यंत जातो आणि चाटण्यातून पोटात. आधी अंगणात कुत्र्याला कोरडेच विंचरावे, ओल्या नव्हे तर कोरड्या फडक्याने झटकावे. निम्म्याहून अधिक रंग असाच निघतो. डोळ्यांत गेला असेल तर स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने डोळा धुवावा, चोळू नये. डोळा मिटून धरत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. पक्क्या रंगाला थोडे खोबरेल तेल लावून दहा मिनिटांनी कुत्र्यांच्या शाम्पूने धुवावे. पहिल्या खेपेला फिकट गुलाबी छटा राहतेच, ती पुढच्या दोन-तीन अंघोळींत जाते. रॉकेल, टर्पेंटाइन, भांड्यांचा साबण यांनी ती एका दिवसात घालवायला जाऊ नये. कातडी भाजते, आणि रॉकेल चाटल्याने फुप्फुसापर्यंत त्रास होऊ शकतो.

अंघोळ महिन्या-दीड महिन्यातून एकदा पुरते. उन्हाळ्यात दर रविवारी घालण्याची पद्धत बंद व्हायला हवी. कातडीचे नैसर्गिक तेल जाते, कोंडा होतो, मग वास येतो आणि वासासाठी पुन्हा अंघोळ. माणसांचा शाम्पू नको. आपली कातडी जरा आम्ल, कुत्र्याची जवळपास उदासीन, त्यामुळे आपल्याला सौम्य वाटणारा शाम्पू तिला सौम्य असेलच असे नाही. बेसन आणि शिकेकाईचा आग्रह काही घरांत असतो. आखूड केसांच्या कुत्र्याला ते चालून जाते, पण दाट लोकरीतून बेसन पूर्ण निघत नाही, आत सुकते आणि खाज सुरू होते. जखमेवर वापरायचे जंतुनाशक बादलीत टाकण्याची सवयही सोडावी, कुत्रा नंतर स्वतःला चाटतो हे लक्षात ठेवावे. टी ट्री तेल तर कुत्र्यांना विषारीच आहे.

पाणी कोमट, मनगटाला ना गरम ना गार लागेल असे. शाम्पू सरळ पाठीवर ओतू नये. बाटलीवर प्रमाण दिले असेल ते पाळावे, नसेल तर एका भागाला दहा भाग पाणी घालून दुसऱ्या बाटलीत हलवून घ्यावा. तीस किलोच्या लॅब्राडोरला 25-30 मिलिलिटर शाम्पूचे असे पाणी पुरते. मानेपासून मागे लावत जावे, डोके शेवटी. औषधी शाम्पू असेल तर घड्याळ लावून दहा मिनिटे अंगावर राहू द्यावा. पाचव्या मिनिटाला धुतला तर औषधाचा पैसा पाण्यात. धुण्याला लावण्याच्या दुप्पट वेळ द्यावा. बोरिंगचे जड पाणी असेल तर साबणाचा थर केसांवर राहतो, म्हणून शेवटची बादली नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्याची ठेवावी. पाणी एकदिवसाआड येते त्या भागात अंघोळीचा दिवस त्याप्रमाणे ठरवावा.

वाळवणे हा अंघोळीचाच भाग आहे. इंदूरच्या कोरड्या हवेत वरचे केस अर्ध्या तासात वाळतात आणि आपण फसतो. मान, शेपटीचे मूळ आणि कानाखाली बोटे कातडीपर्यंत घालून पाहावीत. तिथे गार लागले तर लोकर ओली आहे. अशी ओल राहिली की काही तासांतच नाण्याएवढा लाल, चिकट, दुखरा चट्टा उठू शकतो. पावसाळ्यात हे प्रमाण फार वाढते. टॉवेलने घासू नये, दाबून टिपावे. घरचा ड्रायर थंड हवेवर, अंगापासून वीतभर लांब आणि सतत हलता ठेवावा. कान आतून कोरड्या कापसाने पुसावेत. कानाची नळी आत जाऊन वळते, त्यामुळे कान कोरायची काडी मळ बाहेर काढण्याऐवजी आत ढकलते.

गोचिडांबद्दल थोडक्यात. विंचरताना कानाच्या आत, बोटांच्या मध्ये आणि पट्ट्याखाली रोज पाहावे. गोचीड दिसली तर चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढावी. पिळू नये, काडीने जाळू नये. एक मादी भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते, म्हणून फटी बुजवल्याशिवाय आणि अंथरूण कडक उन्हात टाकल्याशिवाय नुसते औषध पुरत नाही. कुत्र्यांच्या काही गोचीड-औषधांत परमेथ्रिन असते, ते मांजरांच्या जिवावर बेतते. घरात दोन्ही असतील तर लेबल वाचावे. ताप, हिरड्या पांढऱ्या पडणे, जेवण सोडणे, नाकातून रक्त येणे यांपैकी काहीही दिसले तर रक्त तपासून घ्यावे. जुनाट कातडीरोगासाठी महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळच आहे. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की खरूज, नायटा की नुसते मुंडणाचे चट्टे, याचा उलगडा होतो.

पार्लरमध्ये कुत्रा सोडताना काही गोष्टी विचारायला संकोचू नका. पाते कोणत्या नंबरचे? दहा नंबरचे पाते जेमतेम दीड मिलिमीटर केस ठेवते, म्हणजे जवळपास मुंडणच. पाते दर काही मिनिटांनी तापते का ते बघता का? तापलेले पाते जांघेत आणि पोटावर चटका देते. एका कुत्र्यानंतर दुसऱ्यासाठी पाते जंतुनाशकाने धुता का? नायट्याची बुरशी पात्यावरून पसरते. पिंजऱ्यात बंद करून गरम हवा सोडता का? पग, बुलडॉग, शिह त्झू या चपट्या नाकाच्या कुत्र्यांचा त्यात जीव जाऊ शकतो. टेबलावर गळ्यात फास अडकवून कुत्र्याला एकटे सोडता का? आणि शांत करायचे इंजेक्शन देता का? ते पशुवैद्याखेरीज कोणीही देऊ नये. या प्रश्नांनी ज्याला राग येतो, त्याच्या हाती कुत्रा देऊ नये.

पार्लरचालकांनाही एक विनंती आहे. गिऱ्हाईक झिरो मागते तेव्हा नाही म्हणणे धंद्याला अवघड असते, हे आम्ही जाणतो. म्हणून दारावरच पाटी लावा: "दुहेरी केसांच्या कुत्र्यांचे मुंडण इथे होत नाही. लोकर काढून मिळेल." जोराच्या गार हवेच्या ब्लोअरने आणि रेकने, म्हणजे लांब दात्यांच्या कंगव्याने, लोकर काढायला दीड-दोन तास लागतात, मुंडणाला पाऊण तास. तेव्हा त्या कामाचे पैसे जास्त घ्या, आणि आम्ही मालकांनी ते द्यावेत. चांगल्या कामाचे मोल दिले नाही तर झटपट मशीनच चालणार.

उन्हाचा खरा बंदोबस्त केसांत नाही, वेळापत्रकात आहे. सकाळी सातच्या आत फिरवून आणावे. संध्याकाळी डांबर उशिरापर्यंत तापलेले असते, हाताचा पालथा पंजा सात सेकंद टेकवता आला नाही तर कुत्र्याचे पायही टिकणार नाहीत. शब-ए-मालवाची, म्हणजे माळव्यातल्या रात्रीची, गार हवा आपल्याकडे आहेच, जेवणानंतरची फेरी तेव्हा घ्यावी. दुपारी कूलरची हवा, फरशी आणि दोन ठिकाणी पाणी. कुत्र्याचे नेहमीचे तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असते. 104 च्या वर गेले, लाळ घट्ट झाली, पाय लटपटू लागले तर पोट, काख, जांघ आणि पंजे साध्या पाण्याने भिजवून पंखा लावावा आणि लगेच दवाखाना गाठावा. बर्फात बुडवू नये.

ज्यांच्या कुत्र्याचे मुंडण होऊन गेले आहे, त्यांनी घाबरून जाऊ नये, पण पुढची काळजी घ्यावी. सकाळी दहा ते संध्याकाळी पाचपर्यंत उन्हात नेऊ नये. अगदी गरज पडली तर अंगावर पातळ, फिक्या रंगाचा सुती कपडा घालावा. माणसांचे सनस्क्रीन लावू नये, त्यात बऱ्याचदा असणारा झिंक ऑक्साइड चाटण्यातून पोटात जातो. नवे केस दिसू लागले की मऊ ब्रशने आठवड्यातून दोनदा हलके विंचरावे, म्हणजे लोकर आधी भरून वरच्या केसांची वाट अडवणार नाही. मधल्या काळात पुन्हा "जरा सारखे करायला" म्हणून मशीन लावू नये. आणि सहा महिन्यांनंतरही कमरेवर दोन्ही बाजूंना सारखेच उघडे चट्टे असतील, कुत्रा सुस्त आणि जाड होत चालला असेल, तर केसांचे औषध शोधत न बसता थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्यावी.

आपले,
काही श्वानपालक आणि ग्रूमर,
रामबाग - नारायण बाग परिसर, इंदूर